हाड काढलं, पण परत बसवायची तारीख कोण लिहिणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्य आरोग्य हमी सोसायटीचे अधिकारी

महोदय,

हे पत्र दोन खात्यांना एकत्र लिहिते आहे, कारण ज्या रुग्णांबद्दल लिहायचं आहे ते नेमके या दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडतात. अपघातानंतर किंवा पक्षाघातानंतर ज्यांच्या कवटीचं हाड काढावं लागलं आणि नंतर ते बसवायचं राहून गेलं, असे हे रुग्ण. त्यांची पहिली शस्त्रक्रिया बहुतेक वेळा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते, म्हणजे एका खात्याकडे. पैसे मंजूर करणारी महात्मा फुले जन आरोग्य योजना दुसऱ्या खात्याकडे. मुंबईत तर महापालिका हा तिसरा मालक. रुग्ण मात्र एकच असतो आणि त्याच्या डोक्याला पडलेला खड्डाही एकच असतो.

एक गोष्ट आधीच सांगते. कवटीसाठी आणि डोळ्याच्या खोबणीसाठी टायटॅनियमचे इम्प्लांट डिझाइन करणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, डॉक्टर नाही. त्यामुळे या पत्रातली प्रत्येक मागणी संशयाने वाचा, माझी हरकत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की मी जे मागते आहे ते वेळेवर झालं, तर माझ्याकडे येणारं बरंचसं काम येणारच नाही.

मेंदूला मार लागला की तो सुजतो. पायाला सूज आली तर कातडी ताणते, कवटी ताणत नाही. आतला दाब वाढत गेला की मेंदूचा रक्तपुरवठाच अडतो. औषधांनी दाब उतरत नसेल तेव्हा न्यूरोसर्जन कवटीच्या एका बाजूचं मोठं हाड काढून ठेवतात. तुकडा लहानसहान नसतो, साधारण १२ बाय १५ सेंटिमीटरचा असतो. मेंदूच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकून जो मोठा पक्षाघात होतो, त्यातही हेच करतात. याने जीव वाचतो याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. पक्षाघातावरच्या तीन युरोपीय चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २००७ मध्ये आले, डोक्याच्या दुखापतीवरची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत मृत्यू स्पष्ट घटलेले दिसतात. वाचलेल्यांपैकी बरेच जण अपंगत्व घेऊन जगतात, हेही त्याच चाचण्या सांगतात. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेने आपण माणूस वाचवतो आणि त्याचं पुढचं आयुष्य कसं जाणार हा प्रश्न उघडा ठेवतो.

आपल्याकडे २०१४ पासून १०८ च्या रुग्णवाहिका धावतायत. पूर्वी जो रस्त्यातच गेला असता तो आता ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जिवंत पोचतो. हे सरकारचं यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण यशाचा हिशेब डिस्चार्जच्या दिवशी बंद होतो, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

काढलेल्या हाडाचं काय करतात? सोय असेल तिथे ते उणे ७०-८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. नसेल तिथे रुग्णाच्याच पोटावर छेद देऊन कातडीखाली ठेवून देतात. नातेवाईक अगदी सहज सांगतात, "हाड पोटात ठेवलंय." पहिल्यांदा ऐकणारा चक्रावतो, पण ही पद्धत जुनी, स्वस्त आणि चांगली आहे. तिथे वीज जात नाही, लेबलांची अदलाबदल होत नाही, आणि रुग्ण दुसऱ्या गावी गेला तरी हाड त्याच्याबरोबर जातं. मात्र ते तिथे कायमचं ठेवायचं नसतं. सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिन्यांत ते परत बसवावं असा रिवाज आहे. जंतुसंसर्ग झाला असेल तर आणखी थांबावं लागतं. फार काळ गेला की शरीर ते हाड शोषून घ्यायला लागतं, कडा झिजतात, आणि एक दिवस असा येतो की पोटातून बाहेर काढलेला तुकडा डोक्यातल्या जागेला बसतच नाही.

मराठवाड्यातल्या एका ट्रॅक्टरचालकाचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे मोघम ठेवते. रात्रीचा अपघात, पहाटे शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रिया उत्तम झालेली. नंतरचा सीटी बघताना मलासुद्धा ते कळत होतं. महिन्याभराने घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ: फॉलो-अप इन ओपीडी. कधी, कशासाठी, कोणाकडे, काही नाही. घरच्यांनी एकदा चक्कर मारली. ज्यांनी ऑपरेशन केलं ते निवासी डॉक्टर शिकून बाहेर पडलेले. नव्यांनी कार्ड बघितलं, टाके बघितले, गोळ्या चालू ठेवा म्हणाले. पोटातल्या हाडाचा विषय निघालाच नाही. घरच्यांचा समज असा की बोलावतील तेव्हा जायचं. दोन वर्षांचे हंगाम गेले. मग कोणीतरी पुण्यात दाखवा म्हणालं, तेव्हा त्याचा भाऊ पिशवीभर फिल्म घेऊन आला. पोटातलं हाड तोवर कडांनी विरून लहान झालेलं होतं. जे काम जवळजवळ फुकटात, स्वतःच्याच हाडाने झालं असतं, त्यासाठी आता धातूची प्लेट घडवायची वेळ आली.

यात कोणी निष्काळजी होतं असं मला म्हणायचं नाही. प्रत्येकाने आपापलं काम केलं. दुसरी शस्त्रक्रिया हे कोणाचंच काम नव्हतं, इतकंच.

आणि मधल्या काळात काय होतं तेही बघा. दोन वर्षं तो माणूस बसला की डोकं धरायचा, आडवा झाला की बरं वाटायचं. चालणं सुधारत होतं, ते थांबलं. फिजिओथेरपीवाले म्हणाले मनावर घेत नाही, घरचे म्हणाले स्वभाव बदलला. अशा तक्रारींचं वर्णन १९३९ मध्ये ग्रँट आणि नॉरक्रॉस या अमेरिकन डॉक्टरांनी करून ठेवलेलं आहे. हाड नसलेल्या जागी माणूस उभा राहिला की कातडी आत ओढली जाते, बाहेरच्या हवेचा दाब थेट मेंदूवर येतो, मेंदूभोवतीच्या द्रवाचा प्रवाह बिघडतो, त्या भागाला रक्त कमी पोचतं. काहींच्या हातापायातली ताकद यामुळे कमी होते, बोलणं मंदावतं. खड्डा बुजवला की यातले काही रुग्ण आठवड्याभरात वेगळे दिसायला लागतात. सगळे नाही. कवटी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतही कमी होत नाही. रक्त साचतं, जंतुसंसर्ग होतो, झटके येतात. सर्जनना ते माहीत असतं आणि म्हणूनच ते घाई करत नाहीत. पण विचार करून थांबणं वेगळं आणि कोणीच न विचारल्यामुळे राहून जाणं वेगळं.

त्यामुळे योजनेच्या खिडकीवर जेव्हा "हे दिसण्यासाठीचं ऑपरेशन आहे, बसेल की नाही बघावं लागेल" असं ऐकायला मिळतं, तेव्हा राग येतो. ज्याच्या मेंदूवर नुसती कातडी आहे त्याला पायरीवरून घसरायचीसुद्धा मुभा नाही. याला सौंदर्य कोण म्हणेल? खिडकीवर बसलेल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, दोष देत नाही, त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर जे असेल ते तो वाचणार.

आता माझ्या कामाबद्दल थोडं, कारण पुढच्या मागण्या त्यातूनच येतात.

नातेवाईक फिल्म आणतात. मोठ्या पाकिटात, जपून, कधी प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत. फिल्म डॉक्टरांना निदानासाठी उपयोगी असते, मला तिचा काही उपयोग नाही. मला लागतो तो मशीनमधला मूळ डेटा, ज्याला सगळे डायकॉम म्हणतात, तो सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. आणि त्यातही काप पातळ हवेत, १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. डोक्याच्या तातडीच्या सीटीत ५ मिलिमीटरचे काप जपलेले असतात. रक्तस्राव कळायला ते पुरतात, पण त्यावरून कवटी उभी केली तर गोल कपाळ जिन्यासारखं पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. त्यावर बनवलेली प्लेट ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, डगडगणार हे नक्की. स्कॅन करताना मशीन तिरकं केलेलं असेल तर आणखी गोंधळ. बरं, पातळ काप बहुतेक मशीन त्या वेळी घेतंच. ते साठवून कोणी ठेवत नाही. काही महिन्यांनी सर्व्हर भरतो, जुना डेटा पुसला जातो, आणि रुग्णाला पुन्हा सीटीला जावं लागतं: पुन्हा खर्च, पुन्हा किरणं, पुन्हा एसटीचा प्रवास.

डेटा हातात आला की संगणकावर हाडाचा भाग वेगळा काढते आणि चांगली बाजू आरशात पाहिल्यासारखी उलटवून खराब बाजूवर बसवते. ऐकायला सोपं वाटतं. माणसाचा चेहरा मात्र दोन्हीकडे सारखा नसतो. उलटवलेली बाजू कडेला दोन-तीन मिलिमीटर वर-खाली येते आणि खरं काम तिथे सुरू होतं. खड्डा कपाळाच्या मधोमध असेल तर आरसा कामाचा नाही, हातानेच आकार ओढावा लागतो. शिवाय जितका उशीर, तितकी डोक्याची कातडी आक्रसलेली. अशा रुग्णाला मूळ कवटीएवढी गोलाई दिली तर टाके ताणले जातात, जखम उघडते आणि धातू बाहेर डोकावतो. म्हणून मी मुद्दाम प्लेट थोडी सपाट करते. म्हणजे सरकारी दिरंगाई माझ्या स्क्रीनवर मिलिमीटरमध्ये मोजता येते! रात्री सर्जनचा फोन येतो: "मधे टाके घ्यायला भोकं दे, कानाच्या वरचा स्नायू बसवायला जागा ठेव, आणि कड माझ्या बोटाला लागता कामा नये." मग दुरुस्ती, पुन्हा फोन, पुन्हा दुरुस्ती. त्यांनी सही केल्याशिवाय काही छापायला जात नाही.

छपाई म्हणजे टायटॅनियमच्या बारीक भुकटीचा ३० ते ६० मायक्रॉनचा थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुढचा थर. हे सगळं आरगॉन वायूत, कारण ही भुकटी हवेत पेट घेऊ शकते. मिश्रधातूत साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. वजनाला पोलादाच्या निम्म्याच्या आसपास, चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे पुढे एमआरआय करता येतो, प्लेटच्या आसपास चित्र थोडं बिघडतं एवढंच. शरीर त्याला परकं मानत नाही. ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा तुकडा निघता निघेना, आणि त्यातून १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिलं रोपण झालं. जाता जाता एक गंमत: टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत पडलेलं आहे.

माप घेऊन अवयव दुरुस्त करणं तर पुण्याला नवं नाहीच. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागीर वैद्याने कपाळाच्या कातडीचं नाक बसवून दिलं होतं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया बघितली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये तिची हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली. वैद्याने आधी मेणाचा पातळ पत्रा त्या माणसाच्या नाकाच्या जागी बसवून बघितला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्या मापाने कातडी कापली. त्या वैद्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. नोंदी ठेवण्यात आपण तेव्हाही मागेच.

डोळ्याच्या खोबणीचं घड्याळ वेगळं चालतं. कवटीत महिने मोजायचे, इथे दिवस. मूठ, चेंडू किंवा दुचाकीचं हँडल डोळ्यावर आदळलं की खोबणीचा तळ फुटतो. तळाचं हाड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, नाकाकडच्या भिंतीचं त्याहून पातळ. आतली चरबी आणि स्नायू खालच्या सायनसमध्ये उतरतात. खोबणीत एकूण ३० मिलिलिटरच्या आसपास जागा असते आणि बुबुळासकट अख्खा डोळा ७ मिलिलिटरचा. ती जागा १ मिलिलिटरने वाढली की डोळा ढोबळमानाने १ मिलिमीटर आत जातो, आणि २ मिलिमीटर आत गेलेला डोळा समोरच्याला लगेच जाणवतो. त्याहून वाईट म्हणजे रुग्णाला दोन-दोन दिसतं. जिना उतरताना दोन पायऱ्या, रस्त्यावर दोन मोटारी. रिक्षा चालवणारा, शिवणकाम करणारी, वेल्डर, यांचा रोजगार त्या दिवशी संपतो.

मोठ्या माणसांत हे साधारण दोन आठवड्यांत दुरुस्त व्हावं. नंतर सगळं चिकटतं आणि कितीही सुंदर प्लेट दिली तरी डोळा पूर्ण जागेवर येईलच याची खात्री नाही. मुलांमध्ये तर एक प्रकार असा असतो की हाड फळीसारखं उघडून पुन्हा मिटतं आणि स्नायू त्यात अडकतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, सूज नाही, काळंनिळं नाही. मूल उलट्या करतं, त्याला वर बघता येत नाही, नाडी मंद होते. डोक्याला मार म्हणून त्याला निरीक्षणाखाली ठेवतात आणि तेवढ्यात स्नायू मरतो. इथे एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. माझ्या इम्प्लांटची इथे गरजही नसते. गरज असते ती तालुक्याच्या कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरने "बाळा, वर बघ" म्हणण्याची. आपल्या प्रशिक्षणांमध्ये ही एक स्लाइड घालायला किती खर्च येईल?

धातूची खास घडवलेली प्लेट खरी लागते ती तळ आणि आतली भिंत दोन्ही एकदम फुटल्यावर. जाळीचा सपाट तुकडा हाताने वाकवून बसवणारे कसबी सर्जन मी पाहिले आहेत. पण तळाच्या मागच्या भागाला जो उंचवटा असतो तो हाताने साधणं कठीण, आणि प्लेटला टेकायला जे हाड मिळतं ते कडेपासून ३५ मिलिमीटरच्या आसपास आत. त्याच्याही मागे दृष्टीची नस. प्लेट तोकडी पडली तर डोळा आत जातो, लांब झाली तर नजर जाण्याचं भय. अशा ठिकाणी संगणकावर आधी मोजून घेतलेला आकार हा चोचला नाही.

आणि म्युकरचे रुग्ण. २०२१ च्या उन्हाळ्यात या राज्यात काळ्या बुरशीने हजारो लोकांना गाठलं. त्या वेळी सरकारने फुले योजनेतून मोफत उपचार जाहीर केले, सर्जननी रात्रंदिवस ऑपरेशनं केली, कोणाचा वरचा जबडा, कोणाचा डोळा, कोणाचे दोन्ही काढून माणसं वाचवली. त्यातले किती तरी जण आज टाळूला भोक आणि तोंडावर रुमाल घेऊन जगतायत. पाणी प्यायलं तर नाकातून येतं. गालाच्या घट्ट हाडाला धरून राहणारी टायटॅनियमची चौकट आणि तिच्यावर पक्के दात बसवता येतात. राज्यातल्या सर्जननी ते करून दाखवलेलं आहे. या लोकांची नावं, पत्ते, ऑपरेशनच्या तारखा योजनेच्याच संगणकात आहेत. त्यांना शोधायला सर्वेक्षण नको, फोन करा.

आता पैशांकडे येते. खास घडवलेली टायटॅनियमची प्लेट महाग आहे, ज्यांना ती लागते त्यांच्या महिन्यांच्या कमाईएवढी. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी म्हणून सुरू झालेली हीच फुले योजना आज सगळ्या रेशनकार्डधारकांपर्यंत आणि कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आली आहे. तरतूद नाही असं त्यामुळे म्हणवत नाही. पण सगळ्यांना टायटॅनियम द्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. आधी रुग्णाचं स्वतःचं हाड, वेळेत बसवलं तर. ते गेलं असेल तर हाडाचं सिमेंट, म्हणजे ॲक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिक. साध्या प्लास्टिक प्रिंटरवर रुग्णाच्या मापाचा साचा छापायचा, ओटीत सिमेंट त्यात दाबून प्लेट करायची. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून ते साच्यातच बाहेर सेट होऊ द्यायचं, मेंदूवर नाही. तिसरा मार्ग, रुग्णाची कवटी प्लास्टिकमध्ये छापायची आणि बाजारातली जाळी आदल्या दिवशी तिच्यावर वाकवून निर्जंतुक करून ठेवायची. ओटीतला वेळ वाचतो, आकार चांगला येतो. या दोन्ही मार्गांनी राज्यातल्या बऱ्याच रुग्णांचं काम निभेल. खास धातूची प्लेट राखून ठेवा ती कपाळ आणि खोबणी दोन्ही गेलेल्यांसाठी, फार मोठ्या खड्ड्यांसाठी, आधीचं हाड किंवा सिमेंट अपयशी ठरलेल्यांसाठी, आणि वर सांगितलेल्या दोन भिंतींच्या फ्रॅक्चरसाठी. योजनेच्या यादीत या पायऱ्या स्पष्ट लिहा, प्रत्येकीचा दर वेगळा ठेवा, आणि ही शस्त्रक्रिया पहिल्या आजाराचाच पुढचा भाग मानून मंजुरी द्या. आज एकच ठोक रक्कम असेल तर रुग्णालय सर्वांत स्वस्त जाळी बसवणार. त्यात आश्चर्य ते काय?

एक कळकळीची विनंती: कृपा करून धातूचा प्रिंटर विकत घेऊ नका. हे मी धंद्याच्या भीतीने म्हणत नाही. मशीन आणणं सोपं, फीत कापणं त्याहून सोपं. पण भुकटी हाताळायला प्रशिक्षित माणसं, आरगॉनचा पुरवठा, उष्णता प्रक्रियेची भट्टी, प्रत्येक बॅचची चाचणी आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालचा परवाना, एवढं सगळं उभं केलं नाही तर दोन वर्षांत त्यावर कव्हर चढतं. सरकारी रुग्णालयांत अशी कव्हरं चढलेली मशीनं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्याऐवजी चार-पाच वैद्यकीय महाविद्यालयांत एकेक खोली द्या: दोन संगणक, एक-दोन प्लास्टिकचे प्रिंटर, दोन डिझाइन इंजिनिअर, आणि न्यूरोसर्जरी, नेत्ररोग व शासकीय दंत महाविद्यालयाच्या मुखशल्य विभागातून आठवड्यातून एकदा येऊन बसणारे डॉक्टर. डिझाइन सरकारचं, सही सरकारी सर्जनची, छपाई बाहेर परवानाधारकाकडून दर ठरवून. आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्राचं काम नागपूरच्या व्हीएनआयटी आणि पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थांबरोबर २०१४-१५ पासून चालू आहे. वैद्यकीय उपकरणं घडवायची माणसं त्यांनी तयार केलेली आहेत. त्यांना बोलवा. माझ्यासारख्या खासगीवाल्यांना स्पर्धा होईल, होऊ द्या.

या खोल्यांमध्ये एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. कोणाला काय बसवलं, बॅच कोणती, किती महिन्यांनी बसवलं, वर्षभरात काढावं लागलं का, लागलं तर का. अपयशाची नोंद यशापेक्षा जास्त काळजीने व्हावी. आज माझ्याच एखाद्या डिझाइनचं पाच वर्षांनी काय झालं हे मला कळतं ते सर्जनच्या ओळखीवर, आणि सर्जनची बदली झाली की तेही नाही.

सीटीचं परिपत्रक एका पानात होतं: हाड काढलेल्या प्रत्येक रुग्णाचा डोक्याच्या माथ्यापासून वरच्या दातांपर्यंत पातळ कापांचा स्कॅन, मशीन तिरकं न करता, आणि मूळ डेटाची एक प्रत फिल्मबरोबर रुग्णाच्या हातात. डिस्चार्ज कार्डासाठी तर संगणक प्रणालीत बदल होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. रबरी शिक्का कुठल्याही गावात बनवून मिळतो. मजकूर असा चालेल, न्यूरोसर्जन मंडळींनी तो हवा तसा बदलावा:

"डोक्याचे (उजव्या / डाव्या) बाजूचे हाड काढले आहे. हाड ठेवले आहे: पोटात / फ्रीझरमध्ये (क्रमांक ____) / ठेवलेले नाही. हाड परत बसविण्याच्या तपासणीसाठी दिनांक ____ रोजी यावे. न आल्यास रुग्णालय या क्रमांकावर फोन करील: ____. तोपर्यंत बाहेर पडताना डोक्याला संरक्षक टोपी घालावी, त्या बाजूवर झोपू नये. बसल्यावर डोके दुखणे, हातापायातली ताकद कमी होणे, बोलण्यात फरक पडणे, खड्डा एकदम फुगणे किंवा खोल जाणे, यांपैकी काहीही झाल्यास तारखेची वाट न पाहता लगेच यावे."

कळावे,
आपली नम्र,
पुण्यातील एक इम्प्लांट डिझायनर